बिनसाखरेचं कस्टर्ड : साखर काढली की काय काय बदलतं

या वेळच्या टपालात कस्टर्डचीच पत्रं जास्त आहेत, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच आहे : कृतीतून साखर वगळली, बाकी सगळं जसंच्या तसं केलं, तरी पदार्थ बिघडला. म्हणून हा सगळा स्तंभ कस्टर्डलाच देते. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मी हा पदार्थ वर्षानुवर्षं करवून घेतला आहे. मधुमेह झाला म्हणून माणसाने चिकट, पिठूळ लगदा निमूट गिळावा, हे मला कधीच पटलेलं नाही.

प्रश्न : ताई, माझ्या यजमानांना मधुमेह आहे. अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर हे माझं नेहमीचं प्रमाण. या वेळी साखर न घालता शेवटी स्वीटनरच्या गोळ्या घातल्या. कस्टर्ड खळीसारखं घट्ट झालं. गोड होतं, पण पिठूळ लागत होतं. यजमानांनी दोन चमचे खाऊन वाटी बाजूला सारली. कुठे बिनसलं असेल?

उत्तर : तुमचं प्रमाण साखर घालून करायच्या कस्टर्डचं आहे, गोम तिथेच आहे. साखर फक्त गोडी देते असं आपण धरून चालतो. कस्टर्डमध्ये ती आणखी बरंच काही करत असते.

कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लॉवर, त्यात रंग, सुवास आणि चिमटीभर मीठ. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती तयार केली ती पत्नीसाठी, कारण तिला अंडं सोसत नव्हतं. अंडं नाही, म्हणजे घट्टपणाचा सगळा भार मक्याच्या स्टार्चवर. दूध तापलं की स्टार्चचे कण त्यातलं पाणी शोषून फुगतात आणि कस्टर्ड दाट होतं. साखर असली तर तीही त्याच पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे कण थोडे सावकाश फुगतात आणि दाटपणा मऊ राहतो. साखर काढली की कण लवकर फुगतात, गार झाल्यावर थर जास्त कडक बसतो. म्हणून पहिली गोष्ट, पावडर पाव हिश्शाने कमी करा. अर्धा लिटर दुधाला वीस ग्रॅम घेत असाल तर पंधरा पुरे.

पिठूळ चवीचं कारण वेगळं आहे. पातेल्यातलं मिश्रण दाट झालं की आपल्याला वाटतं, झालं, आणि गॅस बंद होतो. मक्याचं स्टार्च साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला फुगायला लागतं, पण नीट शिजायला त्याला जवळजवळ उकळी लागते. अर्धकच्च्या पिठाची चव साखर झाकून टाकते. साखर नसली की ती चव उघडी पडते. तेव्हा बिनसाखरेचं कस्टर्ड जास्त शिजवायचं, कमी नाही.

मी ते असं करते. अर्धा लिटर दुधातलं पाऊण वाटी गार दूध बाजूला काढायचं आणि त्यात पंधरा ग्रॅम पावडर कालवायची. गुठळी बोटाने तपासायची, डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, कारण भांड्याच्या कडेला, तळाच्या खोबणीत पावडर चिकटून राहते. उरलेलं दूध जाड बुडाच्या पातेल्यात तापवायचं. त्यात व्हॅनिलाची शेंग उभी चिरून घालायची, किंवा दालचिनीचा तुकडा. कडेने बारीक बुडबुडे आले की गॅस मंद करायचा. कालवलेली पावडर खाली बसलेली असते, ती पुन्हा ढवळून बारीक धारेने सोडायची आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळत राहायचं. पळी तळाला आठ काढल्यासारखी फिरवायची म्हणजे मधला भागही सुटत नाही. मिनिटभरात पळी जड लागायला लागते. इथेच बहुतेक जण थांबतात. तुम्ही थांबू नका. पृष्ठभागावर जाड, संथ बुडबुडे फुटायला लागले की त्यानंतर दोन मिनिटं मोजून शिजवा. रंग किंचित पारदर्शक, चकचकीत होतो आणि पिठाचा वास जातो. मग एक चिमूट मीठ घाला. मीठ गोडीला उठाव देतं, ते वगळू नका.

गार करताना वर साय धरते, ती नको असेल तर ओला बटर पेपर थेट कस्टर्डच्या अंगावर टेकवून ठेवा. भांड्यावर नुसतं झाकण ठेवून उपयोग नाही, वाफेचं पाणी आत गळतं.

आणि गोडी शेवटी तपासायची ती गार झाल्यावर. तोच पदार्थ गरम असताना जास्त गोड लागतो, फ्रिजमधून काढल्यावर कमी. गरम असतानाच पुरेसं वाटलं म्हणून थांबलात तर दुसऱ्या दिवशी सपक लागेल, हे हिशेबात धरा.

प्रश्न : मी एकटा राहतो, स्वयंपाक आवडीने करतो. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितल्यापासून अंड्याच्या कस्टर्डमधली साखर बंद केली. पूर्वी कधी फाटत नव्हतं, आता दर वेळी रवाळ होतं, अंड्याचे कण दिसतात. कृती तीच, पातेलं तेच, गॅसही तेवढाच.

उत्तर : गॅस तेवढाच ठेवलात म्हणूनच. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने उलगडतात आणि एकमेकांना धरून जाळं विणतात. जाळं सैल आहे तोवर कस्टर्ड रेशमी लागतं. आणखी तापलं की ते आवळतं, पाणी बाहेर पिळून टाकतं आणि कण दिसायला लागतात. साखर ही प्रक्रिया लांबवते. ती असताना तेच मिश्रण थोड्या जास्त तापमानाला बसतं आणि तुम्हाला सावध व्हायला वेळ मिळतो. साखर काढली की बसण्याचा आणि फाटण्याचा क्षण दोन्ही अलीकडे येतात. तुमचा हात जुन्या वेळेला सरावलेला आहे.

नुसत्या बलकांचं पातळ कस्टर्ड, म्हणजे अर्धा लिटर दूध आणि चार बलक, करत असाल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. साखर घातलेलं ८२-८३ अंशांपर्यंत निभावतं. बिनसाखरेचं ७६ ते ७८ ला उतरवा. थर्मामीटर नसेल तर लाकडी पळी बुडवून काढा आणि तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या कडा ओघळल्या नाहीत की त्याच सेकंदाला पातेलं उतरवून दुसऱ्या गार भांड्यात गाळा. पातेल्यातच ठेवून गॅस बंद केलात तर तळाची धग आपलं काम करतच राहते.

बलकात गरम दूध घालताना आधी एक पळी, ढवळून आणखी एक, मग बाकीचं. साखर घातलेले बलक गरम दुधाचा धक्का जरा जास्त सोसतात. नुसते बलक नाही सोसत. म्हणून बलक आधी दोन चमचे गार दुधात फेटून मोकळे करून घ्या. हे छोटं काम आहे, पण निम्मी रवाळ कस्टर्डं त्याने वाचतात.

गॅसवर उभं राहायचा कंटाळा असेल तर ओव्हनमध्ये करा. वाट्या गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायच्या, पाणी वाट्यांच्या निम्म्यापर्यंत यावं, ओव्हन १५० अंशांवर. पाणी असेपर्यंत वाट्यांना जाळ थेट लागत नाही. वाटी हलकेच हलवली की कडा बसलेली आणि मध्य थरथरणारा दिसायला हवा. तेव्हाच काढा, उरलेलं ती बाहेर आपोआप बसते. नेहमीच्या वेळेच्या दहा मिनिटं आधीपासून बघायला सुरुवात करा.

प्रश्न : बाजारात इतके स्वीटनर आहेत की डोकं गरगरतं. कस्टर्डसाठी कुठला घ्यावा? आणि ते सुरक्षित असतात का?

उत्तर : आधी कस्टर्डपुरतं सांगते.

अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने मोडतं आणि गोडी हरवतं. ते शिजताना घालणं म्हणजे वाया घालवणं. कस्टर्ड कोमट झाल्यावर घाला. फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र ते अजिबात घेऊ नये, पाकिटावरही तसं छापलेलं असतं. सुक्रालोज साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड आहे आणि उकळत्या दुधातही टिकतं, त्यामुळे कस्टर्डला सोयीचं. पण 'साखरेइतकंच चमच्याने घाला' असं लिहिलेल्या सुक्रालोजच्या डब्यात आकारमान भरण्यासाठी बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, आणि तेही रक्तातली साखर वाढवतं. डब्यामागची बारीक अक्षरं वाचा. स्टीव्हिया उष्णतेला टिकतो, मात्र जास्त झाला की जिभेवर ज्येष्ठमधासारखी कडवट चव रेंगाळते. व्हॅनिला किंवा दालचिनी असेल तर ती बरीच झाकली जाते. सॅकरिन सर्वांत जुनं, १८७९ पासूनचं. दुधाच्या सौम्य पदार्थात त्याची धातूसारखी चव लपत नाही, म्हणून मी ते कस्टर्डमध्ये वापरत नाही.

माझी पसंती एरिथ्रिटॉल आणि किंचित स्टीव्हिया अशा जोडीला आहे. एरिथ्रिटॉल दाणेदार असतं, त्यामुळे साखरेसारखं थोडं अंग देतं. गोडी साखरेच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, उष्मांक नगण्य. अर्ध्या लिटरला तीस ग्रॅम एरिथ्रिटॉल आणि वर चवीपुरता स्टीव्हिया घातला तर दोघांचेही दोष दबतात. एका वेळी खूप खाल्लं तर पोट बिघडू शकतं, तेव्हा दोन-दोन वाट्या नकोत. माल्टिटॉलपासून सावध राहा. 'शुगर फ्री' लिहिलेल्या अनेक गोड पदार्थांत ते असतं, आणि ते रक्तातली साखर चढवतं, साखरेइतकी नाही, पण चढवतं. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल आणूच नका. माणसाला चालतं, पण कुत्र्याच्या जिवावर बेततं. त्याला चाटायला दिलेली उष्टी वाटीसुद्धा घातक ठरू शकते.

सुरक्षिततेचं म्हणाल तर २०२३ मध्ये दोन बातम्या आल्या आणि त्यांची सरमिसळ झाली. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून स्वीटनर वापरू नयेत. ही शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. जुलैमध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं. पण त्याच वेळी अन्नातल्या मिश्रकांचं मोजमाप करणाऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा, शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम, कायम ठेवली. कस्टर्डच्या वाटीतल्या एक-दोन गोळ्या त्या मर्यादेच्या फार खाली राहतात. तरीही माझं मत विचाराल तर दर पंधरवड्याला स्वीटनर थोडा थोडा कमी करत न्या. जीभ सवयीची आहे, ती कमी गोडीलाही रुळते. हे मी रुग्णांच्या बाबतीत वारंवार पाहिलं आहे, आणि एकदा रुळली की जुनं प्रमाण त्यांनाच नकोसं होतं.

प्रश्न : साखरेऐवजी मध किंवा खजुराची पेस्ट घातली तर ते नैसर्गिक, म्हणून चालेल ना?

उत्तर : मधुमेह असेल तर नाही. मध, गूळ, खजुराचा पाक ही साखरेचीच रूपं आहेत आणि रक्तात जाऊन तेच करतात. मधुमेह नसेल आणि फक्त पांढरी साखर टाळायची असेल तर खुशाल घाला, पण त्याला बिनसाखरेचं म्हणू नका. पाहुण्यांत कुणी मधुमेही असेल तर तो तुमच्या शब्दावर विसंबून खातो.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीसाठी करायचं आहे. तिच्यासाठी कुठला स्वीटनर चांगला?

उत्तर : कुठलाच नको. छान पिकलेलं, साल काळी पडायला लागलेलं केळं कुस्करून कोमट कस्टर्डमध्ये मिसळा, वर नखभर जायफळ. लहान मुलाला यापेक्षा जास्त गोड लागतं ते आपण लावलेल्या सवयीमुळे.

प्रश्न : फळं घातली की गोडी आपसूक येईल म्हणून गार कस्टर्डमध्ये किवी आणि अननस घातला. दोन तासांत सगळं कडू!

उत्तर : ताज्या अननसात, किवीत आणि पपईत प्रथिनं तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. ती दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि त्यातले काही तुकडे कडू असतात. साखर असताना हे थोडं झाकलं जातं. ही फळं घालायचीच असतील तर आधी दोन-चार मिनिटं शिजवून गार करा, विकरं निकामी होतात. नाहीतर वाढताना अगदी शेवटी वर ठेवा आणि लगेच खा. सफरचंद, नासपती, बेरी, पीच यांचा त्रास नाही. गोडीच्या दृष्टीने नासपती मला सगळ्यांत आवडते, दालचिनीबरोबर मऊ शिजवलेली. फळातली साखर मात्र हिशेबात धरा.

प्रश्न : अंड्याचे बलक आणि कॉर्नफ्लॉवर दोन्ही घालून दाट कस्टर्ड करते. रात्री सुरेख जमलेलं असतं, सकाळी फ्रिज उघडला तर पातळ पाणी. साखर नसल्यामुळे का?

उत्तर : नाही, यात साखर निर्दोष आहे. बलकात स्टार्च तोडणारं अमायलेज नावाचं विकर असतं. नुसत्या बलकांचं कस्टर्ड उकळू द्यायचं नाही, ही शिकवण तुम्ही इथेही पाळत असणार. पण कॉर्नफ्लॉवर असलेलं मिश्रण उकळलंच पाहिजे. स्टार्च प्रथिनांना एकमेकांवर आवळू देत नाही, म्हणून ते फाटत नाही, आणि उकळीने विकर निकामी होतं. एक-दोन मिनिटं बुडबुडे येऊ द्या. तेवढं केलं नाही तर विकर रात्रभर फ्रिजमध्ये स्टार्च कातरत बसतं.

एक शंका आणखी. चव घेतलेला चमचा पुन्हा भांड्यात बुडवता का? आपल्या लाळेतही अमायलेज असतं. एवढ्याशा उष्ट्यानेही कस्टर्ड सैल पडतं. स्वच्छतेसाठी तर चमचा बदलायचाच, पण दाटपणासाठीही बदला.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन घेते. दात नाहीत, जेवण फार कमी झालंय. बिनसाखरेचं कस्टर्ड मात्र आवडीने खाते. रोज दिलं तर चालेल का? साखरच नाही म्हटल्यावर मोजायची गरज नाही ना?

उत्तर : द्या, अगदी आनंदाने द्या. या वयात मऊ, गार, घशाखाली सहज उतरणारं काही आईला आवडतंय, ही मोठी गोष्ट आहे. पण मोजायची गरज आहे, ती कशी ते सांगते.

दुधात स्वतःची साखर असते, लॅक्टोज, शंभर मिलिलिटरला जवळपास पाच ग्रॅम. अर्ध्या लिटरला सुमारे २४ ग्रॅम. पंधरा ग्रॅम कस्टर्ड पावडरीतून साधारण १३ ग्रॅम कर्बोदकं. मिळून ३७. चार वाट्या केल्या तर एका वाटीत नऊ ग्रॅमच्या आसपास. याच कस्टर्डमध्ये ४५ ग्रॅम साखर घातली असती तर वाटीमागे वीस झाले असते. म्हणजे निम्म्याहून कमी झाले, शून्य झाले नाहीत. ही नऊ ग्रॅम आईच्या दिवसाच्या हिशेबात लिहा आणि डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना सांगा. पहिले काही दिवस खाण्याआधी आणि दोन तासांनी साखर तपासली तर आईच्या शरीराला ते कसं मानवतं ते कळेल. 'लॅक्टोज-फ्री' दूध आणून हिशेब कमी होत नाही. त्यात लॅक्टोज फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं. जिभेला ते जास्त गोड लागतं, त्यामुळे स्वीटनर कमी लागेल एवढाच फायदा, साखर मात्र तेवढीच. बिनगोडीचं सोया दूध चालत असेल तर कर्बोदकं खरंच उतरतात, प्रथिनंही मिळतात आणि कस्टर्डही छान बसतं.

जेवण कमी आहे, तर आईसाठी पावडरीत बलक घालून करा. अर्ध्या लिटरला दोन बलक आणि दहा ग्रॅम पावडर, वर सांगितल्याप्रमाणे उकळी आणून. प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही वाढतात. पाणी पिताना ठसका लागत असेल तर दाटपणा किती ठेवायचा हे आधी डॉक्टरांना विचारा. शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर कधी एकदम उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं. अशा वेळी घरातलं कुणीतरी 'गोड द्या' म्हणतं आणि हाताशी कस्टर्ड असतं. हे कस्टर्ड तेव्हा देऊ नका. त्यातला स्वीटनर रक्तात साखर आणत नाही, आणि दुधातली साखर स्निग्धांशामुळे फार सावकाश पोहोचते. आई शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून खालीच असेल तर तेवढंच पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

फ्रिजमधल्या त्या वाट्यांवर 'बिनसाखरेचं, साखर उतरल्यास देऊ नये' अशी चिठ्ठी चिकटवा, आणि ग्लुकोजचा डबा आईच्या उशाशी ठेवा. तुम्ही घरी नसताना आईजवळ जो असेल त्यालाही तो डबा दाखवून ठेवा.